सतराव्या पेटीतल्या दुपारी

प्रबंधाच्या परिशिष्टासाठी मूळ पत्रके स्कॅन करण्याचे काम मी रविवारवर ढकलले होते. या कामाला डोके लागत नाही आणि ते मुलांना सोबत घेऊन करता येते, अशी माझी समजूत होती. विभागातून उसना आणलेला स्कॅनर घडीच्या टेबलावर ठेवला, तेव्हा टेबलाचा एरवी माझ्या वाट्याला येणारा अर्धा भाग पूर्ण भरला. उरलेल्या अर्ध्यावर दुधाचे दोन पेले आणि एक एकटा मोजा राहिला. झाकण उचलून कागद सरळ ठेवण्याचे काम थोरलीकडे, हिरवे बटण दाबण्याचा मान धाकट्याकडे. थोरलीला आता सात पूर्ण होतील. धाकट्याला तीन पूर्ण व्हायला अजून दोन महिने आहेत आणि त्याला घरात सगळे पैलवान म्हणतात. हे नाव त्याच्या बापाने ठेवले. ठेवले तेव्हा पोराच्या अंगावर धड मूठभर मांस नव्हते.

गुरुवारी माझे पूर्वसादरीकरण होते. प्रबंध दाखल करण्याआधी तो विभागाच्या समितीपुढे मांडायचा, त्यांनी मान हलवली की छापायला द्यायचा, अशी ती पद्धत. आमच्या सगळ्या घराचे वेळापत्रक त्या एका गुरुवारवर टांगलेले होते. सत्र संपायच्या आत प्रबंध दाखल झाला तरच दुसऱ्या गावातल्या महाविद्यालयातली शिकवण्याची जागा मला मिळणार होती. तसे पत्र आले होते आणि ते फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेले होते. माझा नवरा शहर-बस चालवतो. त्याने त्या गावच्या आगारात बदलीचा अर्ज दिला होता. विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीतली ही दीड खोली सत्राअखेर सोडायची होती. थोरलीने वर्गातल्या सर्वांचा निरोपही घेऊन टाकला होता, तोही दोनदा.

माझा विषय सांगायला सोपा आहे. विद्यापीठामागच्या रानात झाडांवर बावीस लाकडी पेट्या बसवलेल्या आहेत आणि त्यांत मुठीत मावतील असे राखी पक्षी घरटी करतात. पिल्लांना नर आणि मादी दोघेही भरवतात. कोण किती वेळा भरवतो आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, हे मी चार हंगाम दुर्बिणीतून पाहिले आणि त्यासाठी छापून घेतलेल्या पत्रकांवर टिपले. पत्रकाच्या डोक्यावर पेटीचा क्रमांक आणि तारीख. खाली ओळीमागे एक खेप: वेळ, मग नरासाठी ‘न’ किंवा मादीसाठी ‘मा’, मग अळी, किडा, इतर अशा तीन चौकटींपैकी एकीत खूण. शेवटी शेऱ्याचा अरुंद रकाना.

प्रबंधाचा जीव चौथ्या प्रकरणात होता. एकाच हंगामात दुसऱ्यांदा पिल्ले वाढवणाऱ्या जोड्या फार थोड्या. मला त्या पाचच पेट्यांत सापडल्या होत्या. या जोड्यांतले नर दुपारी एकाएकी कामाला लागतात, असे माझे आकडे सांगत होते. मिनिटा-दीड मिनिटाला एक खेप, अशा पंधरा-वीस खेपा, मग लांबलचक विश्रांती. मी त्याचा अर्थही लावला होता: नराला एखाद्या फांदीवर अळ्यांचा घोस सापडतो आणि तो एकेक करून ती फांदी रिकामी करतो. एका परिषदेत मी हे मांडले तेव्हा पहिल्या रांगेतले दोघे पुढे वाकून ऐकू लागले होते. माझ्या प्रबंधात कोणी पुढे वाकावे असे तेवढेच होते.

थोरलीला वाचता येऊ लागून जेमतेम वर्ष झाले आहे. त्यामुळे समोर येईल ते ती वाचते: औषधाची बाटली, पावतीची मागची बाजू, जिन्यातल्या सूचना. सतराव्या पेटीचा गठ्ठा सुरू झाला आणि कागद काचेवर ठेवायचे सोडून ती तो हातात धरून उभी राहिली.

“तोंड फिरवलं,” तिने वाचले.

मी लक्ष दिले नाही. पिल्ले तोंड फिरवतात.

“वि-मा-न करून दाखवल्यावर घेतलं.”

मी म्हटले, नीट वाच, विमान नसेल.

“विमानच आहे. आई, पक्ष्यांना कोण विमान करून दाखवतं?”

तेवढ्यात पैलवानाने हिरवे बटण दाबले आणि रिकाम्या काचेचे पांढरेशुभ्र पान संगणकावर उमटले. मी थोरलीच्या हातातून कागद घेतला. डावीकडे झुकणारे, कागदाच्या पाठीवर उमटेल इतके दाबून लिहिलेले अक्षर. फ्रिजवरच्या सामानाच्या यादीत मी ते रोज पाहते. पेटी क्रमांक १७. दोन वाजून दहा मिनिटे, न, अळी. दोन अकरा, न, अळी. दोन तेरा, न, किडा. दोन चौदा, न, अळी, शेरा: थुंकलं. दोन सोळा, शेरा: ताईची टोपी डोक्यावर ठेवल्यावर दोन घेतले. पानाच्या तळाशी: झोप आली आहे, जबरदस्ती केली नाही.

आमच्या घराच्या दारावरही सतराच आकडा आहे.

मी मुलांच्या समोर तो सगळा गठ्ठा जमिनीवर पसरला. अशी चौदा पत्रके निघाली. त्यांत चारशे अकरा ओळी होत्या. नराला सापडलेला अळ्यांचा घोस म्हणजे मऊ शिजवून कुस्करलेले अन्न होते आणि फांदी म्हणजे आमच्या मुलाची वाटी.

त्या हंगामात पैलवान आठ महिन्यांचा होता आणि त्याचे वजन वाढत नव्हते. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघाले नाही. शेवटी त्या म्हणाल्या की पंधरा दिवस हा काय खातो, किती खातो, ते लिहून आणा. अंदाजाने सांगू नका. मी त्या दिवसांत पहाटे रानात जात असे आणि संध्याकाळी परत येत असे, कारण दुसऱ्या विणीची पिल्ले अठरा दिवसांत उडून जातात आणि पुन्हा वर्षभर भेटत नाहीत. नवऱ्याने एका सहकाऱ्याशी अदलाबदल करून महिनाभर सकाळची पाळी घेतली आणि साडेबाराला तो घरी येऊ लागला. घरात कोरा कागद म्हणून होता तो माझ्या पत्रकांचाच. त्याने पहिल्याच दिवशी मला दाखवले होते: मऊ ते अळी, चावायचे ते किडा, औषध ते इतर, आणि भरवणारा मी म्हणून न. मी हसले होते. पण पुढे तो काय करत होता ते मला माहीत नव्हते. बसच्या प्रत्येक थांब्याची वेळ टिपायची सवय असलेल्या माणसाने चमच्यामागे एक ओळ लिहिली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या म्हणे, इतकी नीट नोंद आजवर कुणी आणली नाही. मी संध्याकाळी दारातूनच विचारायची, खाल्लं का? तो सांगायचा, एकतीस. किंवा वीस. आणि मी बूट काढता काढता झोपायची.

नंतर सासूबाई महिनाभर मदतीला आल्या. घरभर पसरलेली एकसारखी पत्रके त्यांनी गोळा केली, तारखा लावल्या, पेटीवार गठ्ठे बांधले आणि प्रत्येक गठ्ठ्याला दोरीची सुबक गाठ मारली. त्यांना किती दुवा देऊ असे मला झाले होते. सतराव्या पेटीची दुपारची पाळी खरे तर माणूस नसल्यामुळे रिकामी राहायची. ती भरलेली दिसली तेव्हा मला वाटले, दोघा मदतनीस विद्यार्थ्यांनी न सांगता जादा काम केले. मी त्यांचे आभार मानले. त्यांनी ते नम्रपणे स्वीकारलेही.

आणि मग मी ग्रंथालयात बसून तीन आठवडे ते सगळे संगणकात भरले. वेळ, न किंवा मा, चौकट. शेऱ्याचा रकाना भरायचा नव्हता, म्हणून त्यावर मी लांब फूटपट्टी ठेवत असे, म्हणजे नजर तिकडे जात नाही आणि हात थांबत नाही. ही युक्ती माझी स्वतःची होती आणि मी ती विभागात दोघांना शिकवलीही होती.

नवरा एक वाजता पावाची पिशवी घेऊन आला. मी एक पत्रक त्याच्यापुढे धरले. त्याचा चेहरा एकदम उजळला. हे कुठे सापडले, मी किती शोधले, असे म्हणत तो तसाच जमिनीवर बसला आणि मुलांना शेरे वाचून दाखवू लागला. पैलवानाला तो थुंकणारा मुलगा फार आवडला. तो कोण, असे त्याने तीनदा विचारले आणि तो आपणच आहोत हे कळल्यावर पुन्हा वाचायला लावले. मी त्यांना दोन पाने वाचू दिली. मग सांगितले.

“म्हणजे तुझ्या प्रबंधातला नर मी आहे,” तो म्हणाला.

“नर नाहीस. तू माझं चौथं प्रकरण आहेस.”

तो मनापासून हसला आणि मग माझ्याकडे पाहून थांबला. मी चिडलेच होते. म्हटले, थट्टा करायला तुला माझंच पत्रक सापडलं? त्यावर तो शांतपणे म्हणाला की घरात दुसरा कागद कुठे होता ते दाखव. आणि संगणकात भरायला मी बसलो नव्हतो, असेही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, त्यामुळे मला अधिकच राग आला. थोरली आळीपाळीने आमच्या तोंडांकडे बघत होती. चूक बाबांनी केली की आईने, असे तिने विचारले.

“आजीने,” तो म्हणाला.

मला हसू आले आणि लगेच रडूही आले. त्याने मुलांच्या पायांत बूट चढवले आणि जेवण झाल्या झाल्या दोघांना घेऊन तो मैदानावर गेला. जाताना स्कॅनरचे बटण सोडायला पैलवान तयार नव्हता, म्हणून त्याला खांद्यावर टाकून न्यावे लागले.

चौदा पत्रके वगळून मी सगळे गणित नव्याने चालवले. संगणकाला त्यासाठी अकरा सेकंद लागले. आलेखातला दुपारचा उंचवटा गेला. तिथे आता एक सपाट रेघ होती: दुसऱ्या विणीतले नर सकाळी जितके भरवतात तितकेच दुपारी भरवतात, किंबहुना थोडे कमीच. मी आकडे पुन्हा तपासले, मग पेट्या एकेक करून तपासल्या. रेघ सपाटच राहिली. चौथ्या प्रकरणात आता कोणी पुढे वाकावे असे काही उरले नव्हते.

पाचच्या सुमारास ते परत आले. नवरा दारात बसून पैलवानाचे बूट काढत होता, तेव्हा मी म्हटले, “मूळ पत्रकं परिशिष्टात द्यायलाच हवीत असं नाही. नियमात ‘शक्य असल्यास’ असं लिहिलंय.”

 एका बुटातून त्याने पसाभर वाळू काढली.

“मग जागा राहील?” त्याने विचारले.

“राहील.”

“आणि दिली तर?”

“प्रकरण नव्याने लिहावं लागेल. या सत्रात व्हायचं नाही.”

त्याने वाळू केराच्या डब्यात टाकली, दुसरा बूट झटकला. म्हणाला, “तू ठरव. त्यातलं मला कळत नाही. पण आपल्या पोराला पक्षी म्हणून छापणार असशील, तर निदान त्याला विचार.” मग जरा वेळाने, वर न बघता, त्याने असेही म्हटले की घाई करू नकोस, अजून तीन दिवस आहेत. त्यालाही ती जागा हवी होती. त्या गावात घराला अंगण मिळणार होते आणि त्याच्या बदलीच्या अर्जावर सहीही झाली होती. तो सद्गुणाचा पुतळा नाही, मीही नाही. ती संध्याकाळ मी भांडी घासताना, मुलांना अंघोळ घालताना, त्या ‘शक्य असल्यास’ या दोन शब्दांशी बोलत घालवली.

मला सोडवले ते आमच्या प्रयोगशाळेतल्या एका मुलीने, तिच्या नकळत. ती माझ्या मागून दोन वर्षांनी आली. तिला सहावा महिना आहे. बाळ आणि रान दोन्ही कसे जमवलेस, असे तिने मागच्याच महिन्यात मला विचारले होते आणि मी बराच शहाणपणा सांगितला होता. तिने माझ्या चौथ्या प्रकरणावर विसंबून पुढच्या दोन हंगामांचा आराखडा केला आहे. दुपारी एक ते चार ती रानात बसणार, दुसऱ्या विणीतल्या नराची वाट पाहत. तिचे मूल तेव्हा पाच-सहा महिन्यांचे असेल. मी गप्प राहिले असते तर ती तान्ह्याला घरी ठेवून रोज तीन तास एका झाडाखाली बसली असती आणि ज्याची वाट पाहायची तो बाप त्या रानात कधी आलेलाच नव्हता. तो एका दीड खोलीत टोपी घालून विमान उडवत होता.

सोमवारी सकाळी मी चौदा पत्रके घेऊन मार्गदर्शक मॅडमच्या खोलीत गेले. मॅडम निवृत्तीला आल्या आहेत. त्या कमी बोलतात आणि पेन्सिलीला टोक करताना तर अजिबात बोलत नाहीत. मी सगळे सांगेपर्यंत त्यांच्या दोन पेन्सिली झाल्या होत्या. मग त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या पत्रकापासून चौदाव्यापर्यंत प्रत्येक ओळ वाचली. मला वाटले होते, दोन-तीन पाने चाळतील. त्यांनी शेऱ्यांचे रकानेही सोडले नाहीत. नवव्या का दहाव्या पानावर त्यांचे ओठ जरा हलले. शेवटचे पान संपल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला.

“आता वजन किती आहे त्याचं?”

मी सांगितले.

“बरं आहे,” त्या म्हणाल्या. मग कामाचे बोलल्या. हे गुरुवारी तूच सांगायचं, पहिल्याच पानावर, कोणी विचारायच्या आधी. नंतर सांगितलेली चूक लपवलेली वाटते. आणि नुसती ही चौदा काढून भागणार नाही. जिथे चौदा शिरली तिथे पंधरावं नसेल कशावरून? नऊशे पत्रकांचे शेरे वाचावे लागतील, पट्टी न ठेवता. त्याला चार महिने धर. मी म्हटले, जागा. त्यांनी मान हलवली. जागेबद्दल त्यांना माहीत होते. शिफारसपत्र त्यांचेच होते. मी निघाले तेव्हा त्या मला दारापर्यंत सोडायला आल्या. असे त्या कोणासाठी करत नाहीत.

त्या मुलीला मी त्याच दिवशी सांगितले. तिने आधी आपल्या आराखड्याचे काय, असे विचारले आणि मग पत्रके बघायला मागितली. आणि दुपारी मी त्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना फोन केला. ते सभ्य गृहस्थ निघाले. त्यांनी मला पूर्ण बोलू दिले आणि मग म्हणाले की सत्र सुरू होताना वर्गापुढे कोणीतरी उभे असायला हवे, त्यांचा नाइलाज आहे. पुढच्या वर्षी जाहिरात निघाली तर अवश्य अर्ज करा. मी त्यांचे आभार मानले. फ्रिजवरचे पत्र मात्र तसेच राहू दिले. ते काढले असते तर थोरलीने कारण विचारले असते आणि मला ते गुरुवारच्या आधी कोणाला समजावून सांगायचे नव्हते.

समितीत पाच जण होते. मी पहिल्याच पानावर तो परिच्छेद लिहिला होता: सतराव्या पेटीच्या नावे असलेली चौदा पत्रके वगळली आहेत, कारण ती निरीक्षणे पक्ष्यांची नाहीत. कोणाची आहेत ते मी तोंडी सांगितले. दोघांना हसू आवरले नाही आणि मला त्यांचा राग आला नाही. संख्याशास्त्राच्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “चारशे अकरा ओळी. मिनिटामिनिटाला खेप घालणारा पक्षी. भरताना तुम्हाला एकदाही शंका आली नाही?”

त्या प्रश्नाचे उत्तर मी तयार केले होते: दमणूक, वेळेची ओढाताण, लहान मूल. ते सगळे खरेच होते. पण उभी राहिले तेव्हा ते सांगावेसे वाटले नाही.

“आली असती,” मी म्हटले, “पण मला तो आकडा आवडला. दुपारी बाप मुलांना भरवतो, यात मला नवल वाटलं नाही. माझ्या घरी रोज तेच चाललं होतं.”

 मग बाईंनी काहीतरी लिहून घेतले आणि पुढचा प्रश्न पाचव्या प्रकरणावर विचारला.

निर्णय मॅडमनी सांगितला तसाच झाला. चार महिने, सगळे शेरे, चौथे प्रकरण नव्याने. वसाहतीतली मुदत वाढवून मिळण्यासाठी विभाग पत्र देणार. चौदा पत्रके विद्यापीठाच्या संग्रहात ठेवायची का, यावर अध्यक्ष थोडे घोटाळले. मॅडम म्हणाल्या की जी निरीक्षणे आपली नाहीत ती आपण कशी ठेवणार. ती मी पिशवीत घातली.

बाहेर पडले तेव्हा तीन वाजून गेले होते. नवऱ्याची त्या आठवड्यात दुपारची पाळी होती आणि मुले शेजारच्या घरी होती. विद्यापीठाच्या फाटकापासून मी त्याचीच बस पकडली. गाडी चालू असताना चालकाशी बोलायचे नाही, असा नियम त्याच्या डोक्यामागेच लिहिलेला आहे आणि तो नियम तो बायकोलाही लावतो. मी पुढच्या बाकावर बसले. आरशात त्याने भुवया उंचावल्या. मी चार बोटे दाखवली. त्याने मान हलवली आणि पुढच्या थांब्यावर रोजच्यासारखी, न धक्का देता, गाडी उभी केली. तेवढ्या वाटेत अकरा थांबे आहेत. प्रत्येक थांब्यावर त्याने एकदा आरशात बघितले.

शेवटच्या थांब्यावर उतारू उतरले. परतीच्या फेरीला आठ मिनिटे होती. तो जागेवरून उठून माझ्यासमोरच्या बाकावर येऊन बसला आणि त्याने पाण्याची बाटली मला दिली. मी सगळे सांगितले, बाईंचा प्रश्न आणि माझे उत्तरही. जागेचे त्याला सोमवारीच सांगितले होते. तरी त्याने एकदा विचारून घेतले, पुढच्या वर्षी तरी. मी म्हटले, जाहिरात निघाली तर.

“बदलीचा अर्ज उद्या मागे घेतो,” तो म्हणाला. “आगारातले साहेब विचारतील, घरात कोणाचं चालतं.”

“काय सांगशील?”

“सांगेन, सध्या पैलवानाचं.”

मग तो बाहेर बघत म्हणाला की अंगण असतं तर बरं झालं असतं. मी म्हटले, हो. ते आम्हा दोघांनाही एकदा मोठ्याने म्हणायचे होते. 

नऊशे पत्रकांचे शेरे म्हणजे दिवसाला किती, याचा हिशेब मी प्रवासात केला होता. तो त्याला सांगितला. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात माझी सकाळची पाळी, दुपारी मी मोकळा. मी मोठ्याने वाचतो, तू आकड्यांकडे बघ. मी म्हटले, तुला पक्ष्यांतलं काय कळतं? पिल्लू पेटीच्या दारात आलं म्हणजे काय, हे तरी ठाऊक आहे का?

“नाही. पण माणसाचं पोर मध्ये आलं तर मला लगेच कळेल,” तो म्हणाला. “तुला कळत नाही.”

हे त्याने टोमणा म्हणून म्हटले होते आणि मी तो टोमणा म्हणूनच घेतला. त्याने घड्याळ बघितले, उठून आपल्या जागी गेला, दार उघडले. बाहेर पाच-सहा जण थांबले होते. एक म्हातारे गृहस्थ हातात तपासण्यांची जाड पाकिटे घेऊन चढले आणि ही गाडी दवाखान्यावरून जाते ना, असे विचारू लागले. तो म्हणाला, जाते काका, बसा, थांबा आला की सांगतो. मी पिशवी मांडीवर घेतली आणि त्यांना खिडकीशी जागा करून दिली.